खटका, कमान आणि कायदा

मार्च २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर शहरात एका चौकाचे उद्घाटन झाले. त्या चौकात ६.१० मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट लांबीचा एक चाकू उभारण्यात आला असून जगातील सर्वांत मोठा चाकू म्हणून त्याची प्रसिद्धी करण्यात आली. ज्या शहराचे नाव मराठी माणसाने इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हिंदी चित्रपटाच्या पडद्यावरच अधिक ऐकले, त्या शहराने आपल्या जुन्या धंद्याचा असा गौरव करून घ्यावा, यात वावगे काही नाही. परंतु याच राज्याच्या सरकारने १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून अधिक लांब पात्याचे चाकू बनविण्यास मनाई केली आणि त्यानंतर रामपूरच्या चाकूबाजाराला उतरती कळा लागली. स्वस्त यंत्रनिर्मित मालाची स्पर्धाही होतीच. सारा दोष मनाईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही चौकात वीस फुटांचा चाकू शोभा देतो आणि कारागिराच्या हातात पाच इंचांचा गुन्हा ठरतो, ही विसंगती डोळ्यांआड करण्याजोगी नाही. तिच्या मुळाशी एक प्रश्न आहे: धोकादायक वस्तूंविषयी कायदा करताना आपण नेमके काय मोजतो?

हा प्रश्न ज्यांना रोज भेडसावतो असा एक छोटा वर्ग युरोप-अमेरिकेत आहे. खटक्याचे चाकू आणि छर्ऱ्याच्या बंदुका, म्हणजे एअरगन, मोडक्या अवस्थेत विकत घ्यावयाच्या, त्यांचे अंतरंग उलगडावयाचे, तुटलेला भाग नवा घडवावयाचा आणि वस्तू पुन्हा चालती करून कपाटात मांडून ठेवावयाची, असा या मंडळींचा छंद आहे. शांतताप्रिय वाचकाला हा छंद ऐकूनच कसेसे होईल. पण आपल्याकडे जुनी भिंतीवरची घड्याळे, ग्रामोफोन किंवा झडपांचे रेडिओ दुरुस्त करीत बसणारी माणसे असतात, त्यांच्याच जातकुळीची ही माणसे आहेत. त्यांना इजा करण्यात रस नसतो. यंत्र का चालत नाही, हे कळेपर्यंत त्यांना झोप येत नाही, एवढेच.

चाकू आणि हवेची बंदूक या दोन वस्तू एकाच माणसाच्या टेबलावर का येतात? कारण दोहोंचा प्राण एकच. घड्याळजी जिला कमान म्हणतो, ती स्प्रिंग. सावकाश दिलेली शक्ती साठवून ठेवावयाची आणि मागणी येताच ती एका क्षणात परत करावयाची, हे कमानीचे काम. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यात बचत-ठेवीचे खाते दिसू लागले तर वाचकांनी क्षमा करावी.

छर्ऱ्याच्या बंदुकीचे सर्वसामान्य रूप असे असते: नळी मोडून खाली ओढली की जाडजूड वेटोळ्यांची कमान दाबली जाते, घोडा ओढताच ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढील हवा क्षणार्धात आवळली जाते आणि छर्रा बाहेर पडतो. जुन्या बंदुकांत या दट्ट्याच्या तोंडाशी कातडी वॉशर असे. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असे त्याचाच हा मोठा भाऊ. वॉशर वाळला की स्टोव्हला जसा दाब येत नाही, तशीच बंदूकही निर्जीव होते. जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर उभे राहून नेम चुकल्याबद्दल ज्यांनी स्वतःलाच बोल लावला, त्यांनी त्यातील काही बोल या वॉशरला लावावयास हरकत नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने काँक्रीटच्या नळांबरोबर एअर रायफलीही बनविल्या, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. पाण्याचे नळ बनविणाऱ्यांनी हवेच्या नळीत शिरावे, यात तसे नवल करण्यासारखे काही नसावे.

चाकूची कमान निराळी. ती बहुधा सपाट पट्टीची, मुठीच्या आत दडलेली. पाते मिटले की ती वाकते आणि खटका दाबला जाईपर्यंत वाकलेलीच राहते. म्हणजे मिटलेला चाकू विश्रांती घेत नसतो. तो अहोरात्र ताणाखाली असतो. वर्षानुवर्षांच्या या ताणाने पोलाद थकते आणि एके दिवशी पट्टी तुटते. दुरुस्ती करणाऱ्याने मुठीचे रिवेट शिंगाला किंवा शिंपल्याला तडा जाऊ न देता काढावयाचे, नवी पट्टी कापून तिला बाक द्यावयाचा, ती लाल तापवून तेलात विझवावयाची आणि पुन्हा हलकेच तापवून तिच्यावर निळसर झाक येताच हात आवरता घ्यावयाचा. आपले लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात तीच ही विद्या. झाक येण्याआधी थांबले तर पट्टी काचेसारखी तडकते, उशीर झाला तर मऊ पडून वाकलेलीच राहते. क्षण कोणता, हे डोळ्यांनाच कळावे लागते आणि डोळा तयार व्हावयास काही वर्षे जातात. (सगळेच रामपुरी चाकू खटक्याचे नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. काही ‘गरारीदार’ असतात. दातेरी चकतीवर करकर आवाज करीत ते हाताने उघडावे लागतात. पडद्यावरच्या खलनायकांना हा आवाज फार उपयोगी पडला.)

दुरुस्तीचे हे वेड कधी कधी इतिहासालाही उपयोगी पडते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्डोनी नावाच्या कारागिराने बनविलेली हवेची बंदूक स्वीकारली होती. धूर नाही, दारूचा स्फोट नाही आणि एकापाठोपाठ एक वीसेक गोळ्या झाडण्याची सोय, असे हे त्या काळाच्या मानाने अद्भुत शस्त्र. १८०३ ते १८०६ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही एक हवेची बंदूक होती. वाटेत भेटणाऱ्या आदिवासी जमातींवर छाप पाडण्यासाठी ती झाडून दाखवीत. १० जून १८०५ च्या नोंदीत लुइसने लिहून ठेवले आहे की, तिची मुख्य कमान शील्ड्स या मोहिमेतील कारागिराने नवी बसविली. पुढे दोनशे वर्षांनी रॉबर्ट बीमन या अमेरिकन संग्राहक-अभ्यासकाच्या संग्रहातील एक जिरार्डोनी बंदूक प्रतिकृती बनविण्यासाठी उघडण्यात आली, तेव्हा आतील कमान मूळची नसून नालबंदाच्या कानशीतून घडविलेली आढळली. लुइसची बंदूक ती हीच, या बीमन यांच्या प्रतिपादनाला सर्वांत मोठा आधार मिळाला तो या दुरुस्तीच्या खुणेचा. बंदूक काचेआड ठेवून दुरून पाहत बसले असते तर हा पुरावा हाती लागला नसता.

आता कायद्याकडे वळू. खटक्याच्या चाकूचे अमेरिकेतील मोठ्या प्रमाणावरील उत्पादन जॉर्ज श्रेड याने १८९२ साली घेतलेल्या पेटंटपासून सुरू झाले. एक हात कामात गुंतलेला असताना दुसऱ्या हाताने उघडता येणारा चाकू, एवढेच त्याचे वैशिष्ट्य होते. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांना अडकलेल्या दोऱ्या कापण्यासाठी असेच चाकू देण्यात आले. युद्धानंतर मायदेशी परतलेल्या सैनिकांनी इटलीतून निमुळत्या पात्याचे देखणे चाकू आठवण म्हणून आणले. मग १९५० साली एका महिला-मासिकात या ‘जीवघेण्या खेळण्या’विरुद्ध लेख आला, चित्रपटांतील उनाड तरुणांच्या हाती तो दिसू लागला, वातावरण तापले. न्यूयॉर्क राज्याने १९५४ साली बंदी घातली आणि १२ ऑगस्ट १९५८ रोजी संघराज्याचा कायदा होऊन या चाकूंची आयात व आंतरराज्य व्यापार बंद झाला. या कायद्यातील एक अपवाद मोठा बोलका आहे: ज्याला एकच हात आहे अशा व्यक्तीला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू बाळगता येतो. खटका ही मूलतः सोय आहे, याची कबुली बंदी घालणाऱ्यांनीच अशी देऊन ठेवली आहे!

ब्रिटनने १९५९ साली खटक्याच्या चाकूचे उत्पादन व विक्री बंद केली. पण आधीपासून घरात असलेला चाकू घरात राहू शकत होता. २०१९ च्या कायद्याने तीही मुभा काढून घेतली आणि १४ जुलै २०२१ पासून खाजगी घरात तो नुसता बाळगणेही गुन्हा झाले. त्याआधी, १० डिसेंबर २०२० ते ९ मार्च २०२१ या मुदतीत, भरपाई घेऊन चाकू पोलिसांच्या स्वाधीन करण्याची सोय इंग्लंड व वेल्समध्ये होती. आयुष्यभर जमविलेले संग्रह पोलीस ठाण्यात जमा करण्याची पाळी त्यामुळे अनेकांवर आली. आणि त्या देशात भोसकून होणाऱ्या हत्यांत सर्वाधिक वापरले जाणारे हत्यार कोणते? स्वयंपाकघरातील चाकू.

अर्थशास्त्रात पर्यायी वस्तूंचा एक साधा नियम शिकविला जातो. ज्या वस्तूला जवळचे आणि स्वस्त पर्याय असतील, तिच्यावर निर्बंध घातल्याने ग्राहकाची गरज नाहीशी होत नाही. ती पर्यायाकडे वळते. इजा करण्याचा हेतू असलेल्या माणसाला खटक्याच्या चाकूऐवजी भाजीचा सुरा, स्क्रू-ड्रायव्हर, फुटकी बाटली असे शंभर पर्याय आहेत. १९२० साली बनलेल्या एका विशिष्ट चाकूची विशिष्ट कमान जोडू पाहणाऱ्या माणसाला पर्याय एकही नाही. त्यामुळे अशा बंदीचा जवळजवळ सगळा भार ज्याच्यापासून समाजाला धोका नाही त्याच्यावर पडतो, आणि ज्याच्यापासून धोका आहे तो फारशी तोशीस न पडता निसटतो. कराचा भार कोणावर पडतो याची चर्चा आपण अर्थसंकल्पानंतर आठवडाभर करतो. बंदीचा भार कोणावर पडतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

छर्ऱ्याच्या बंदुकीच्या बाबतीत बहुतेक देशांनी अधिक शहाणपणाचा मार्ग धरला. तेथे कायदा यंत्राची जात पाहत नाही, छर्ऱ्याची ऊर्जा मोजतो. ब्रिटनमध्ये रायफलीसाठी ही मर्यादा बारा फूट-पौंड, म्हणजे सुमारे सव्वासोळा ज्यूल आहे. जर्मनीत विनापरवाना मिळणारी बंदूक साडेसात ज्यूलच्या आत असावी लागते आणि तशी खूण तिच्यावर उमटविलेली असते. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही रेषा वीस ज्यूल आणि ०.१७७ इंच व्यासाच्या नळीवर ओढली आहे; तिच्या आतील बंदुकीला परवाना लागत नाही.

पद्धत योग्य, आकडा मात्र माझ्या मते चुकलेला आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळविले आणि ज्या प्रकारात आपल्या अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, तो दहा मीटर एअर रायफलीचा खेळ साडेसात ज्यूलच्या मर्यादेत बसणाऱ्या रायफलींनी खेळला जातो. मग त्यावरचे साडेबारा ज्यूल कोणासाठी मोकळे ठेवले आहेत? कागदावरील लक्ष्य भेदण्यासाठी त्यांची गरज नाही. झाडावरील कबुतर पाडण्यासाठी मात्र ते चांगले उपयोगी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे खरी. पण दुकानातून परवान्याशिवाय आणलेल्या बंदुकीने दुर्गम रानात काय टिपले, हे पाहावयाला कोण जाणार? अरुणाचल प्रदेशाने या प्रश्नाला २०२१ च्या मार्चमध्ये वेगळ्याच रीतीने हात घातला. पूर्व कामेंग जिल्ह्यापासून तेथे एअरगन स्वखुशीने जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी शेकडोंनी बंदुका आणून दिल्या. पक्ष्यांच्या आवाजाने गजबजणारी राने मुकी होत चालली होती, हे गावकऱ्यांना सांगण्यासाठी आकडेवारीची गरज पडली नसावी. येथे पर्यायी वस्तूंचा नियम उलट दिशेने लागू होतो: परवान्याच्या बंदुकीला हवेची बंदूक हा स्वस्त, मोकळा पर्याय होता, आणि तो पर्याय कायद्यानेच उपलब्ध करून दिलेला होता.

म्हणजे आपली स्थिती अशी की, कडकपणाचा उपयोग जेथे थोडा तेथे कायदा कडक आहे आणि जेथे उपयोग पुष्कळ तेथे तो ढिला आहे. चाकूंच्या बाबतीत आपल्या देशात एकच एक माप नाही. केंद्राच्या नियमांतील वर्गवारीनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेली हत्यारे शस्त्रांत मोडतात. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या, गरारीच्या व कमानीच्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी वेगळी मर्यादा घातली. उत्तर प्रदेशात साडेचार इंच. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली निघणारे शस्त्रबंदीचे आदेश हत्यार घेऊन हिंडण्याविरुद्ध आहेत, आणि विचार केला तर हीच दृष्टी अधिक ग्राह्य आहे. कारण चाकू कपाटात असणे आणि गर्दीत खिशात असणे, या दोन गोष्टींत समाजाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

रामपूरची तुलना करावयाची तर ती इटलीतील मानियागोशी करावी. ईशान्य इटलीच्या फ्रिउली प्रांतातील हे छोटे शहर. १४५३ साली तेथील सरदाराने चेल्लिना नदीचे पाणी कालव्याने गावात आणले आणि त्या पाण्यावर लोहारांचे घण चालू लागले. १९०७ साली सोलिंगेनहून आलेल्या एका जर्मन उद्योजकाने तेथे मोठा कारखाना काढला. अमेरिकन सैनिकांनी ज्या चाकूंच्या प्रेमात पडून ते मायदेशी नेले, त्यांतील बरेच येथले. १९५८ च्या अमेरिकन कायद्याने आणि १९५९ च्या ब्रिटिश कायद्याने मानियागोची बाजारपेठ आक्रसली. पण गाव बसले नाही. कात्री, शस्त्रक्रियेची उपकरणे, स्वयंपाकघरातील सुऱ्या यांकडे बरेचसे कारागीर वळले आणि खटक्याचा चाकू थोड्या घरांत, शौकिनांसाठी, हाताने बनत राहिला. इटलीत असा चाकू खिशात घालून हिंडता येत नाही. तो विकत घेण्याला व बाळगण्यालाही नियम आहेत. पण दार चिरेबंद केलेले नाही. जुन्या कारखान्याच्या जागेत आज त्या गावाचे चाकू-कारागिरीचे संग्रहालय आहे. जगभरच्या संग्राहकांना मोडलेल्या चाकूसाठी पाते, मूठ, कमान हवी असते, आणि त्यांच्या मागणीवर काही कार्यशाळांचे दिवे जळत राहतात. संग्राहक ही बाजारपेठ लहान. पण ती किमतीत घासाघीस करीत नाही आणि कारागिरीची पारख असलेली असते. पडत्या धंद्याला अशा ग्राहकाची फार गरज असते. रामपूरला हा ग्राहक मिळाला नाही, कारण आपल्या कायद्यात संग्राहक नावाच्या प्राण्यासाठी जागाच नाही.

याविरुद्ध जे म्हटले जाईल ते मला ठाऊक आहे. ज्या सोलिंगेनने पिढ्यानुपिढ्या जगाला पाती पुरविली, त्याच शहरात २३ ऑगस्ट २०२४ रोजी, शहराच्या साडेसहाशेव्या वर्धापनाच्या उत्सवात, एका हल्लेखोराने चाकूने तिघांचे प्राण घेतले. त्यानंतर दोन महिन्यांत जर्मनीने खटक्याच्या लहान चाकूंना असलेली सवलत बहुतांशी काढून घेतली. योगायोग असा की, त्याच ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा चाकू बाळगून हिंडण्यावरील तेथील बंदी घटनाबाह्य ठरविली. मला जर्मन सरकारचा उतावळेपणा समजू शकतो आणि अमेरिकन न्यायालयाची उदारता आपल्याकडे आणण्याची इच्छाही नाही. शाळेच्या दारात मुलांच्या दप्तरात चाकू सापडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या शिक्षकाला ‘कोणीही काहीही खिशात घालून फिरावे’ असे वाटणे शक्य नाही. भर चौकातल्या खिशावर निर्बंध हवेच. माझे म्हणणे कपाटाविषयी आणि कारागिराच्या ऐरणीविषयी आहे.

त्यासाठी फार मोठ्या उलथापालथीची गरज नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीची विनापरवाना मर्यादा वीस ज्यूलवरून साडेसात ज्यूलवर आणावी. खेळाडूंचे त्यात काही बिघडत नाही आणि पक्ष्यांना थोडा आसरा मिळेल. चाकूंसाठी देशभर एकच माप ठेवावे. त्या मापाबाहेरचा चाकू बनविणाऱ्या रामपूरच्या कारागिराला क्रमांक घातलेला माल, नोंदणीकृत संग्राहकाला किंवा संग्रहालयालाच विकण्याच्या अटीवर, बनवू द्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बनविणे, विकणे आणि दुरुस्त करणे हे शब्द एकाच रांगेत बसविलेले आहेत. बंदुकांच्या बाबतीत ते योग्यच आहे, पण शंभर वर्षांच्या चाकूची तुटलेली पट्टी बदलणाऱ्याला शस्त्रांच्या कारखानदाराच्या पंक्तीला बसविण्याचे कारण नाही. यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही आवश्यकता नाही. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने विशिष्ट वर्गातील व्यक्तींना किंवा विशिष्ट प्रकारच्या शस्त्रांना अधिसूचनेद्वारे, अटी घालून, सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे.